सकाळी सकाळी एवढी रेस कशाला?

जर्मनीतल्या ब्रेमेनहून एका वाचकाची मेल आलीये. मूळचा पुण्याचा, आयटीवाला. हौसेने सेकंड हँड मर्सिडीज एसएलके २३० कॉम्प्रेसर घेतलीये, १९९८चं मॉडेल. टू-सीटर, बटण दाबलं की पत्र्याचं छत डिकीत गडप! (ही गाडी ब्रेमेनमध्येच बनायची, म्हणजे माहेरीच नांदतेय म्हणा ना.) तक्रार एकच. सकाळी गाडी सुरू केली की रेस थेट पंधराशे आरपीएमवर जाते, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी पडद्याआडून बघतात. मेकॅनिकने अख्खी थ्रॉटल बॉडी बदलायचा सल्ला दिलाय. ते बिल बघून साहेबांना घाम फुटला आणि त्यांनी विचारलंय, "आयडलिंग कमी करायचा स्क्रू नेमका कुठे असतो?"

मित्रा, तसला स्क्रूच नाहीये!

कार्ब्युरेटरच्या गाड्यांना तो असायचा. स्क्रूड्रायव्हर घेतला, अर्धा फेरा फिरवला, काम फत्ते. तुझ्या गाडीत मात्र आयडलिंग किती ठेवायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, थ्रॉटलची झडप केसभर उघडून-मिटून. तिथे एखादा छोटा स्क्रू दिसलाच, तर तो झडप बंद होताना कुठे टेकावी यासाठी फॅक्टरीत सेट केलेला असतो. त्याला हात लावलास की कॉम्प्युटरचं गणितच चुकतं. मग आजच्या एका तक्रारीच्या उद्या चार होतात.

आणि पंधराशेला एवढं घाबरायचं कारण काय? थंड इंजिनात पेट्रोलची धड वाफ होत नाही, ऑइल घट्ट असतं. शिवाय सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय धूर साफ करायला लागत नाही. म्हणून कॉम्प्युटर मुद्दाम जास्त हवा सोडतो, ठिणगी जरा उशिरा पाडतो आणि गरम धुराने त्याला लवकर तापवतो. आजींना जो गोंगाट वाटतो, तो खरं तर त्यांच्याच फुप्फुसांसाठी चाललेला असतो. समजावून बघ, जर्मनमध्ये!

तेव्हा काटा किती वर जातो यापेक्षा खाली येतो का, ते बघ. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्टर मार आणि एसी, दिवे बंद ठेवून मीटरकडे बघत बस. मिनिटभरात काटा उतरायला लागला आणि इंजिन तापल्यावर सातशे-आठशेवर स्थिरावला, तर गाडी ठणठणीत आहे. पंधरा मिनिटं चालवूनही तो हजाराच्या खाली येत नसेल, किंवा झोपाळ्यासारखा वरखाली होत असेल, तर मात्र घोळ आहे.

अशा वेळी सगळे आधी सुपरचार्जरवर खापर फोडतात. बिचारा! तुझ्या मॉडेलमध्ये त्याला एसीच्या कॉम्प्रेसरसारखा विजेचा क्लच आहे, आयडलिंगला तो बहुधा सुटलेलाच असतो. त्याचे पाइप थ्रॉटलच्या आधी येतात. ते फाटले तर पिकअप मरतो, पण आयडलिंगवर फारसा फरक पडत नाही. खरा संशयित थ्रॉटलच्या पुढे सापडतो. आयडलिंगला तिथे व्हॅक्यूम असतो आणि पंचवीस वर्षांहून जुन्या रबराला एखादी चीर पडली की मोजणी चुकवून हवा आत घुसते. कॉम्प्युटर झडप मिटत मिटत शेवटाला येतो, तरी रेस उतरत नाही. इंजिनाच्या श्वासाचे रबरी पाइप, म्हणजे ब्रीदर होज, खालच्या बाजूने तडकतात. वरून बघितलं तर एकदम नव्यासारखे! म्हणून गॅरेजवाल्याला आधी स्मोक टेस्ट करायला सांग. इनटेकमध्ये धूर सोडतात. जिथून तो बाहेर येईल, तिथे चोर. थ्रॉटल बॉडीचा विषय त्यानंतर.

पाइप धड निघाले तर कूलंटच्या टेंपरेचर सेन्सरकडे वळ. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो: २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तो बिघडून कायम ‘थंडी आहे, थंडी आहे’ सांगत राहिला, तर कॉम्प्युटर बिचारा रेस देतच राहणार. उघडा अडकलेला थर्मोस्टॅटही हाच प्रताप करतो. तो नवा टाकणं थ्रॉटल बॉडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

तोवर सकाळी गाडी दारात तापवत उभी करू नकोस. जर्मनीत इंजिन उगाच चालू ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. स्टार्टर मारला, पट्टा लावला की हळूच निघ आणि ऑइल तापेपर्यंत तीन हजारांच्या वर खेचू नकोस. गाडी ऑटोमॅटिक असेल तर काटा थोडा उतरू दे, ब्रेकवर पाय ठेव आणि मगच ‘डी’ टाक. नाहीतर ती सकाळचा पहिला धक्का तुलाच देईल. आणि थ्रॉटल नुसता साफ करून घेतलास, तरी झडपेची बंद जागा कॉम्प्युटरला पुन्हा शिकवून द्यायला सांग. बरीच गॅरेजं नेमकं तेवढंच विसरतात.