अर्ज असावा, आर्जव नको



मागे एका तालुका बैठकीनंतर एक कास्तकार आपल्या मुलीला घेऊन आमच्यापाशी थांबले. जमीन पाच एकर, सगळी कोरडवाहू. तीन एकरांत कापूस, दोन एकरांत ज्वारी आणि तूर. मुलगी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला. एका मोठ्या कंपनीत इंटर्नशिपसाठी, म्हणजे आपल्या भाषेत शिकाऊ उमेदवारीसाठी, तिला अर्ज करायचा होता. तो एकदा नजरेखालून घाला, एवढीच दोघांची विनंती.

आम्ही अर्ज वाचला. 'अनुभव' या रकान्यात लिहिले होते, 'काही नाही'. 'आम्ही तुम्हाला का निवडावे?' या प्रश्नाखाली लिहिले होते, 'घरची परिस्थिती गरिबीची आहे, तरी कृपया संधी द्यावी ही नम्र विनंती.'

आम्ही तिला विचारले, "डोमकळी ओळखतेस का?"

ती हसली. म्हणाली, "त्यात काय ओळखायचं? पाकळ्या मिटलेलं फूल. उघडलं की आत गुलाबी बोंडअळी. आम्ही रोज सकाळी वेचून जाळतो."

"कामगंध सापळे कोण बघतं?"

"मीच. रात्रीत आठ पतंग, असं सलग तीन दिवस सापडले की फवारणीचं ठरवायचं."

"आणि घरचा खर्चाचा हिशेब?"

"तोही माझ्याच वहीत आहे. बाबांना दिसत नाही नीट."

बाप मान खाली घालून ऐकत होता. पीक संरक्षणाच्या कंपनीला जे माणूस हवे ते समोर उभे होते आणि अर्जात लिहिले होते, 'काही नाही'.

हा एका मुलीचा दोष नाही. आपण बाजारात माल नेतो तेव्हा आडत्यासमोर जसे उभे राहतो, तसेच आपली लेकरे कंपनीच्या दारात उभी राहतात. भाव त्याने सांगायचा, आपण मान डोलवायची. पिढ्यान्‌पिढ्यांची ही सवय आता कागदावर उतरली आहे.

उपकार कोणाचे कोणावर?

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. शिकाऊ उमेदवार घेणे ही कंपनीची मेहरबानी नव्हे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या नियमांत २०१९ साली दुरुस्ती झाली. ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे कामाला आहेत, तिने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे त्या नियमांनी बंधनकारक केले. कृषी महाविद्यालयांच्या २०१७ नंतरच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षाला गावात राहण्याच्या कार्यानुभवाबरोबर तीन आठवडे कृषी-उद्योगाशी जोडणी ठेवलेली होती. म्हणजे कंपनीत जाऊन शिकणे हा विद्यार्थ्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. मागायचे ते हक्काने मागावे. नम्रता असू द्यावी, पण लाचारी नको.

उलटी पट्टी

आता पैशाचे बोलू. पदवी संपलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर केली. देशातल्या पाचशे मोठ्या कंपन्या आणि पाच वर्षांत एक कोटी तरुण, असा संकल्प होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक फेरी सुरू झाली. वय २१ ते २४, मुदत बारा महिने, महिन्याला ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदाच ६,००० रुपये, असे त्या फेरीचे नियम होते. पाच हजारांतले ४,५०० सरकारचे आणि ५०० कंपनीचे. प्रशिक्षणाचा खर्चही कंपनीकडेच होता, हे नोंदवले पाहिजे.

त्या पहिल्या फेरीत काय झाले? जागा सव्वा लाखाच्या वर होत्या. अर्ज सहा लाखांच्या वर आले. कंपन्यांनी ८२ हजारांवर जागा देऊ केल्या. त्यांतल्या २८ हजारांच्या आसपास स्वीकारल्या गेल्या. आणि प्रत्यक्ष रुजू झालेली मुले होती ८,७०० च्या घरात!

शहरातल्या शहाण्यांनी लगेच निदान केले की खेड्यातल्या पोरांना कष्ट नकोत, घर सोडवत नाही. कापूस पिकवणाऱ्याने कर्ज फेडले नाही की तो आळशी ठरतो, त्याच जातीचे हे निदान आहे. आम्ही साधा हिशेब मांडतो. बारा महिन्यांचे साठ हजार आणि वरचे सहा, मिळून ६६ हजार रुपये. त्यात पुण्या-मुंबईत कॉटचे भाडे, दोन वेळची खानावळ, कारखान्यापर्यंतचे जाणे-येणे, मोबाइल, आजारपण आणि सणाला गावी येण्याचे एसटीचे भाडे. खानावळवाला पाहिल्या महिन्यातच पोराला गणित शिकवतो. कमी पडेल ते कुठून येणार? घरून. म्हणजे बापाने क्विंटल-दोन क्विंटल कापूस घाईने, पडत्या भावात विकायचा आणि पोराला पाठवायचे.

बाजारात माल घालून आल्यावर हमाली, तोलाई, भाडे कापून वर आपणच पैसे देणे निघते, त्याला आपण उलटी पट्टी म्हणतो. शिकाऊ उमेदवारीची ही उलटी पट्टीच आहे. कापसाला उत्पादनखर्च असतो हे आपण कंठशोष करून सांगत आलो. पोराच्या कामालाही उत्पादनखर्च असतो. तो ज्यात भरून निघत नाही, त्या जागा रिकाम्या राहिल्या तर दोष पोरांच्या अंगी चिकटवू नये.

मग जाऊच नये का? असे आम्ही म्हणणार नाही. पाच एकरांच्या तुकड्यावर तीन भावंडे पोसणार नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. शिवाय कंपनीच्या आत काय चालते ते आपल्या घरातल्या कोणाला तरी कळले पाहिजे. जिनिंगमध्ये रुईचा उतारा कसा काढतात, धाग्याची लांबी कशी मोजतात, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की खरेदी केंद्रावर कपात कशी लागते आणि १२ च्या वर माल का परततो, हे ज्या घरातली पोर शिकून येईल त्या घरचा कापूस डोळे झाकून विकला जाणार नाही. जावे, पण हिशेब मांडून जावे.

आमचीच एक चूक

हे शहाणपण आम्हाला उपजत नव्हते. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही शेवटच्या वर्षाला असताना एका मोठ्या बियाणे कंपनीत असेच शिकायला गेलो. काय काम, कोण शिकवणार, काहीही विचारले नाही. घेतले हाच आनंद. कंपनीने गाडीत बसवले आणि आमच्याच भागातल्या गावांत सभा घ्यायला पाठवले. 'आपल्याच गावचा शिकलेला पोरगा' म्हणून वडिलांच्या वयाच्या माणसांनी आमच्या शब्दावर पिशव्या उचलल्या. ते वाण हलक्या रानात, पावसाच्या उघडिपीत तगले नाही. कंपनीने आम्हाला चार ओळींचे प्रमाणपत्र दिले. त्या माणसांपैकी एकानेही आम्हाला दोष दिला नाही, पण त्यांच्या ओट्यावर बसून चहा पिणे पुढे कितीतरी वर्षे आम्हाला जड गेले. संशोधन केंद्राची पायरीसुद्धा आम्ही त्या दिवसांत पाहिली नव्हती.

म्हणून आज सांगतो. शिकायला जाणारे पोर आणि बिनपगारी विक्रेता यांत फरक आहे. औषध कंपनीत जाणाऱ्याने तर हे दुप्पट जपावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बाटलीवरचा त्रिकोण, मात्रा, तोंडावरचा मास्क, वाऱ्याची दिशा हे समजावण्याचे काम मिळाले तर आनंदाने करावे. किती बाटल्या खपवल्या यावर प्रमाणपत्र ठरणार असेल, तर हात जोडून परत यावे.

अर्जात काय लिहावे, होकारापूर्वी काय विचारावे

अर्जात गरिबी लिहू नका. केलेले काम लिहा, आकड्यासह लिहा. किती एकर, कोणते पीक, किती वर्षे. सापळ्यांच्या नोंदी ठेवल्या, माती परीक्षणाचा नमुना घेतला, निंबोळी अर्क घरी केला, बचत गटाची वही लिहिली, ज्वारीच्या मळणीचा आणि कडब्याचा हिशेब ठेवला. हा सगळा अनुभव आहे. इंग्रजी मोडके असले तरी चालेल, पण दुसऱ्याचा अर्ज उतरवू नका. मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडे पडते. आधार, गुणपत्रके आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांवर नाव एकसारखे आहे ना, ते आधीच तपासा. सरकारी योजनेचे नियम फेरीगणिक बदलतात, म्हणून चालू फेरीचे नियम सरकारी पोर्टलवर स्वतः वाचा.

होकार देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा. काम कोणते आणि शिकवणार कोण? पैसे किती, आणि कोणत्या तारखेला? राहण्या-जेवणाची सोय आहे का? कामावर अपघात झाला तर विमा आहे का? प्रमाणपत्रावर काय लिहून मिळेल? उत्तरे कागदावर घ्या. आणि इंटर्नशिप लावून देतो म्हणून जो पैसे मागेल, त्याला दारातूनच वाटेला लावा. पंतप्रधान योजनेच्या अर्जाला एक रुपयाही फी नव्हती.

आमची मागणीही साधी आहे. शिकाऊ मुलाचे विद्यावेतन तो जिथे राहणार त्या गावच्या खोली-खानावळीच्या खर्चावर ठरवावे. जिल्ह्यातल्या जिनिंग, सूतगिरण्या आणि डाळ मिलमध्ये जागा आधी काढाव्यात, म्हणजे पोर घरून डबा घेऊन जाईल.

या जिल्हा बैठकीला येताना शेवटच्या वर्षाच्या मुला-मुलींना सोबत आणा. जे कुठे जाऊन आले त्यांनी तिथे काय शिकायला मिळाले आणि किती पदरचे गेले ते उभे राहून सांगावे. आडत्यांची माहिती आपण एकमेकांना देतो, तशी कंपन्यांचीही देऊ.

त्या मुलीने अर्ज पुन्हा लिहिला. अनुभवाचा रकाना पुरला नाही, मागच्या कोऱ्या बाजूवर गेला. बापाने तो वाचून घ्यायला सांगितला आणि शेवटी एवढेच म्हणाला, "हे सगळं हिलाच येतं?"