एक माऊस, दोन संगणक आणि आपली सही



घरात दुसरा संगणक आला की त्याच्यामागून वरात येते. दुसरा कीबोर्ड, दुसरा माऊस, दुसरा प्रिंटर, दुसरा कॅमेरा आणि टेबलाखाली वायरींचा गुंता. केर काढताना झाडू त्यातच अडकतो. माझं मत विचाराल तर बहुतेक घरांत या दुसऱ्या संचाची गरज नसते. यूएसबी स्विच नावाची एक लहानशी डबी पुरते. मात्र ही डबी टेबलावर ठेवायची तर काय वाटून वापरायचं आणि काय कधीच वाटायचं नाही, हेही ठरवावं लागतं. आज मला या दोन्हींबद्दल लिहायचं आहे.

आमच्याकडे टेबल एकच. त्यावर दुकानाचा संगणक आणि सूनबाईंच्या ऑफिसचा लॅपटॉप. आमचे हे सकाळी दहापर्यंत आणि रात्री जेवणानंतर दुकानाचं काम बघतात. सूनबाई दहा ते सहा ऑफिसचं काम घरून करतात. संध्याकाळी कधी मी हिशेब तपासायला बसते. लॅपटॉपला स्वतःचा कीबोर्ड असतो, हे खरं. पण आठ तास त्यावर वाकून काम केलं की मान आणि मनगट बोलायला लागतात. म्हणून मोठा कीबोर्ड, माऊस, कॅमेरा आणि प्रिंटर दोन्हीकडे हवे होते. चिरंजीव म्हणाले, दुसरा संच मागवून टाकू. मी म्हटलं, आधी वेळा मांडून बघू. दोघं एकाच वेळी टेबलावर बसतच नाहीत, तर वस्तू दोन कशाला?

आता ही डबी काय करते ते सांगते. तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या दुकानात जनरेटर असेल. वीज गेली की चेंजओव्हरचा खटका फिरवायचा. दुकानातले दिवे आणि पंखे तेच असतात, फक्त त्यांना वीज कुठून मिळणार ते बदलतं. एका वेळी मेन लाइन किंवा जनरेटर, दोन्ही कधीच नाही. यूएसबी स्विचचंही तसंच. डबीतून निघणारी एक वायर एका संगणकाला आणि दुसरी दुसऱ्याला लावायची. कीबोर्ड, माऊस, कॅमेरा, प्रिंटर या वस्तू डबीत खोचायच्या. वर एक बटण असतं. ते दाबलं की सगळ्या वस्तू या संगणकाकडून त्या संगणकाकडे जातात. कोणाची पाळी चालू आहे ते छोटा दिवा सांगतो.

एवढा खटाटोप का लागतो, तर यूएसबीची मूळ रचनाच तशी आहे. १९९६ साली ही पद्धत आली, तेव्हापासून नियम असा की जोडलेली वस्तू एका वेळी एकाच संगणकाचा हुकूम मानते. ही पद्धत घडवणाऱ्या मंडळींत इंटेल कंपनीतले अजय भट्ट हे आपले भारतीय अभियंते अग्रभागी होते, हे नातवंडांना जरूर सांगा.

दुकानात घ्यायला जाल तेव्हा एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हब वेगळा आणि स्विच वेगळा. हब म्हणजे एका संगणकाला चार वस्तू जोडायची सोय. स्विच म्हणजे त्याच चार वस्तू दोन संगणकांत पाळीपाळीने फिरवायची सोय. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच, त्यामुळे विक्रेताही कधी कधी हबच हातात ठेवतो. डबीला संगणकाकडे जाणाऱ्या दोन वायरी आहेत का आणि बटण आहे का, हे स्वतः बघा. साधी डबी साधारण हजार-दोन हजारांत येते. तिच्यातून पडद्यावरचं चित्र जात नाही. मॉनिटरही सामाईक हवा असेल तर केव्हीएम नावाचा स्विच मिळतो, तो जास्त महाग असतो. आमच्या मॉनिटरला मागे दोन जागा आहेत. दोन्ही संगणक तिथे लावून ठेवलेत आणि मॉनिटरच्याच बटणाने चित्र बदलतो, त्यामुळे तो खर्च वाचला.

नवीन लॅपटॉपला बऱ्याचदा फक्त टाइप-सी ही चपटी, गोल कडांची जागा असते. त्याप्रमाणे वायर किंवा जोड मागून घ्या. वायर फार लांब घेऊ नका. यूएसबी २.० साठी पाच मीटरची मर्यादा आहे, त्यापलीकडे वस्तू चालतील याचा भरवसा नाही. विजेचंही गणित आहे. यूएसबी २.० च्या एका जागेतून साधारण ५०० मिलिअँपियर इतकीच वीज मिळते आणि ती डबीतल्या सगळ्या वस्तूंना वाटून घ्यावी लागते. कीबोर्ड आणि माऊसला फारच थोडी लागते. कॅमेरा किंवा वायरची हार्ड डिस्क जोडायची असेल तर वेगळा अ‍ॅडॉप्टर लावता येणारी डबी घ्या. प्रिंटर वाय-फायचा असेल तर तो डबीला जोडायची गरजच नाही. तो घरातल्या सगळ्यांची कामं थेट घेतो.

वापरायचे नियम आमच्या टेबलावर मी चिठ्ठीवर लिहून चिकटवलेत. बटण दाबणं म्हणजे वायर उपटून दुसरीकडे लावण्यासारखंच आहे. म्हणून छपाई चालू असताना दाबायचं नाही. हार्ड डिस्क जोडलेली असेल तर आधी ती संगणकातून रीतसर बंद करायची, मगच दाबायचं. दाबल्यावर चार-पाच सेकंद थांबायचं, संगणकाला वस्तू ओळखायला तेवढा वेळ लागतो. लगेच चार वेळा दाबून काही होत नाही, उलट गोंधळ वाढतो.

घरातली पुरुष मंडळी एक युक्तिवाद हमखास करतात. घ्या की दुसरा संच, धंद्यात खर्च टाकता येतो, संगणकाला ४० टक्के घसारा मिळतो. मी बी.कॉम.ला किर्द आणि खतावणी हाताने लिहिलेली बाई आहे, म्हणून सांगते. घसारा मिळतो म्हणजे वस्तू फुकट मिळते असं नाही. दहा हजारांची वस्तू घेतली तर पहिल्या वर्षी चार हजार खर्चात धरले जातात. त्या चार हजारांवरचा कर तेवढा वाचतो. बाकीचा पैसा आपल्याच गल्ल्यातून गेलेला असतो. त्यात इंकजेट प्रिंटर घेतला आणि महिनाभर वापरला नाही तर शाई सुकते, तोंड चोंदतं, आणि ते साफ करायला पुन्हा शाईच जाते. रोज थोडा चालणारा एक प्रिंटर हा पडून राहणाऱ्या दोन प्रिंटरांपेक्षा स्वस्त पडतो.

आपल्या धर्माने श्रावकाला परिग्रहाचं परिमाण सांगितलं आहे. चातुर्मासात आपण नियम घेतो, आज इतकीच द्रव्यं, इतक्याच साड्या. पण विजेवर चालणाऱ्या वस्तूंचं परिमाण कोणी धरताना मला दिसत नाही. एकदा माळ्यावर चढून बघा. जुने कीबोर्ड, बंद पडलेले प्रिंटर आणि कशाचे ते न कळणारे चार्जर. हा सगळा परिग्रहच आहे, आणि भंगारात गेल्यावर तो जाळून तांबं काढणाऱ्याच्या फुप्फुसात शिरतो. त्यात किती जिवांची हिंसा होते याचा विचार आपण नाही करायचा तर कोणी करायचा? नको असलेली यंत्रं नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्रात द्यावीत. पण त्याआधीची पायरी म्हणजे ती घरात येऊच न देणं.

मात्र वाटून घेणं ही गोष्ट आपल्या घरांत नेहमी सरळ नसते. एक ताट दोघांत वाटलं तर कोणाच्या वाट्याला काय येतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. ही डबी पुष्कळदा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या उजव्या हाताशी बसते. मग सुनेला मीटिंगच्या आधी विचारावं लागतं, "बाबा, जरा बटण दाबता का?" तिकडून उत्तर येतं, "दोन मिनिटं थांब." तिकडे तिचे साहेब वाट बघत असतात. दुकानाचं काम ते काम, आणि सुनेचं घरून चालतं म्हणून ते सवडीचं? तिचाही महिन्याला पगार येतो आणि तोही घरातच येतो.

म्हणून माझा आग्रह आहे की बटण टेबलाच्या मधोमध हवं. काही स्विचना वायरवर वेगळं बटण येतं, ते तर फारच सोयीचं. दिनदर्शिकेवर पाळ्या लिहून ठेवा. जीएसटीचं विवरण भरायच्या ११ आणि २० या तारखांना दुकानाला पहिला मान. सुनेच्या मीटिंगच्या वेळांना तिला पहिला मान. ज्याची पाळी असेल त्याने बटण दाबावं, परवानगी मागू नये. आणि खरोखरच दोघं दिवसभर एकाच वेळी काम करत असतील तर सरळ दुसरा कीबोर्ड घ्यावा. परिमाण म्हणजे गरज मारणं नव्हे. कोणा एकीची कुचंबणा करून केलेल्या काटकसरीला मी काटकसर म्हणणार नाही.

आता वाटायचं नाही ते काय, ते सांगते. पहिली वस्तू पेन ड्राइव्ह. एका संगणकातला व्हायरस दुसऱ्यात न्यायला त्याच्यासारखं वाहन नाही. सुनेच्या ऑफिसच्या लॅपटॉपला काय जोडलेलं चालतं, हेही तिच्या ऑफिसला विचारून घ्यावं. तिथली माहिती आपली नव्हे.

दुसरी वस्तू जास्त महत्त्वाची आहे. पेन ड्राइव्हसारखंच दिसणारं एक टोकन असतं. त्यात डिजिटल सही असते, डीएससी म्हणतात ती. आपल्या समाजात पुष्कळ पेढ्यांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या झाल्या. अशा कंपनीला किमान दोन संचालक लागतात. एक नाव घरच्या पुरुषाचं, दुसरं बहुतेक वेळा बायकोचं किंवा सुनेचं. म्हणजे तुमच्यामाझ्यासारख्या कितीतरी जणी कागदावर संचालक आहेत. आपल्या नावाचं ते टोकन कुठे असतं? दुकानाच्या संगणकाला कायमचं खोचलेलं, किंवा कोणाच्या तरी खणात, पिनची चिठ्ठी रबराने गुंडाळून.

मैत्रिणींनो, कीबोर्ड वाटून वापरला तर बिघडत नाही, कारण कीबोर्ड कोणाचाच नसतो. सही मात्र एकाच माणसाची असते. त्या टोकनने आणि पिनने केलेली सही कायद्याने आपली सही असते. आपण स्वयंपाकघरात होतो, आपल्याला ठाऊक नव्हतं, असं सांगून सुटता येईल या भरवशावर राहू नका. सहीची गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवायची काळजी ज्याची सही त्यानेच घ्यायची, असं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० सांगतो. टोकन स्विचच्या डबीत खोचून ठेवलं तर टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ते जातं. म्हणून ते डबीत कधीच नको. सही करायची असेल तेव्हा कपाटातून काढावं, कशावर सही करतोय ते वाचावं, स्वतः पिन टाकावी आणि पुन्हा कपाटात ठेवावं.

यात कोणावर अविश्वास नाही. आपण दागिने लॉकरमध्ये ठेवतो तेव्हा घरच्यांवर अविश्वास दाखवतो का? आमच्याकडे सूनबाईंच्या नावाचं टोकन त्यांच्याच कपाटात असतं, माझं माझ्या. ह्यांनी सुरुवातीला कपाळाला आठ्या घातल्या. आता सहीची वेळ आली की कागद आधी आमच्यासमोर येतात. ताळेबंदावर दोन प्रश्न मी विचारते, दोन सूनबाई विचारतात. उत्तरं देताना ह्यांनाही आपल्याच धंद्यातल्या दोन गोष्टी नव्याने कळतात.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं करा. टेबलावर दोन संगणक असतील तर वेळा मांडा आणि दुसऱ्या संचाआधी डबीचा विचार करा. आणि तुमचं नाव कुठल्या कंपनीत संचालक म्हणून असेल तर आज रात्रीच शांतपणे विचारा, माझं टोकन कुठे आहे, आणि त्याची पिन कोणाकोणाला ठाऊक आहे?