जखमीने हात पसरावेत, ही आपली रीत

अपघाताची बातमी कळव्यातल्या एखाद्या चाळीत किंवा सोसायटीत येऊन थडकली की पुढे काय घडते, हे आपल्याला तोंडपाठ झाले आहे. पहिल्या रात्री आळीतली चार पोरे धावतात, रक्त देतात, रुग्णालयाच्या जिन्यावर बसून सकाळ करतात. दुसऱ्या दिवशी डिपॉझिटचा आकडा कळतो. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर एक फोटो फिरू लागतो. नळ्या लावलेला, सुजलेला चेहरा, खाली रुग्णालयाच्या शिक्क्याचे एस्टिमेट, त्याखाली क्यूआर कोड आणि 'खात्री केलेली आहे, फुल ना फुलाची पाकळी द्या' अशी ओळ. कोणी वही घेऊन दारोदार फिरतो. आपण शंभर, पाचशे, हजार देतो आणि माणुसकी अजून शिल्लक आहे, असे म्हणून निश्चिंत होतो. देणाऱ्यांत मीही आहे आणि निश्चिंत होणाऱ्यांतही. ही निश्चिंतीच मला आज खुपते. तिच्या आड एक क्रूर रीत वाढली आहे, आणि ती आपण वाडवडिलांकडून जशी मिळाली तशीच, न तपासता, पुढे चालवत आहोत.

ही रीत नीट पाहा. जखमी माणसाच्या पदरात मदत पडण्याआधी त्याच्या घराची झडती होते. घरात फ्रीज आहे ना? मग कशाला मागतात? गावी जमीन असेल की. भाऊ काय करतो? दारू पिऊन तर नव्हता ना? आयसीयूच्या दारात तीन रात्री काढलेल्या बाईला ही उत्तरे द्यावी लागतात, तीही एकदा नाही, दर दारी. तिच्या गळ्यात मंगळसूत्र दिसले तर 'अजून सोने आहे' असे मागून पुटपुटले जाते. म्हणजे आधी सोने मोडावे, मग लाज मोडावी, मग नवऱ्याचे विद्रूप झालेले शरीर चारचौघांपुढे मांडावे, तेव्हा कुठे तो आपल्या दयेला पात्र ठरतो. याउलट उत्सवाचे पावतीपुस्तक दारी येते तेव्हा आकडा मंडळ ठरवते आणि आपण निमूट देतो. याच ठाणे शहरात हंडीच्या थरांवर लाखांची बक्षिसे लागतात. ती रक्कम कोठून आली हे विचारायला आपली जीभ रेटत नाही. हिशेब मागण्याचे आपले सारे धैर्य पलंगावर निपचित पडलेल्या माणसासाठी राखून ठेवलेले असते.

पुन्हा ही दया सर्वांना सारखी मिळत नाही. नोकरदार, निर्व्यसनी, आपल्या जातीचा, आपल्या गावकीचा, फोटोत केविलवाणा दिसणारा असा जखमी असला तर वही लवकर भरते. बिगारी, भाडेकरू, परप्रांतीय किंवा रूळ ओलांडताना सापडलेला असला की 'त्याचीच चूक' हे दोन शब्द पुरतात. पण कळवेकरांनो, रुळांतून का चालावे लागते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? जलद गाड्या येथे थांबत नाहीत. धीमी गाडी कल्याण-डोंबिवलीकडून भरूनच येते. जागा मिळावी म्हणून सकाळी कारशेडकडे चालत जाणारी माणसे आपल्याच घरातली आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये वातानुकूलित गाडीवरून याच कारशेडपाशी लोकांनी गाडी अडवली होती, ती काही हौसेने नव्हे. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यानच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. चौघे त्याच दिवशी गेले. जखमींना कळव्यातल्या आपल्याच छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणले गेले. त्या संध्याकाळी आपण हळहळलो, आणि दुसऱ्या सकाळी त्याच दारात, त्याच दांड्याला धरून लटकलो. मुंबईच्या लोकलमार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. इतक्या माणसांना 'त्यांचीच चूक' म्हणणारा समाज स्वतःची चूक किती खोल पुरून ठेवतो!

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात फलाट आणि गाडी यांच्यामधल्या पोकळीत पडून एका महाविद्यालयीन मुलीचे दोन्ही हात गेले. महाराष्ट्र हेलावला. पैसे आले, कृत्रिम हात आले आणि २०२० मध्ये मृत दात्याचे हात तिला बसवण्याची शस्त्रक्रियाही झाली. हे सारे चांगलेच झाले. परंतु तिच्या पाठीमागच्या हजारोंसाठी काय उपयोगी पडले? पोकळीचा प्रश्न उच्च न्यायालयात धसास लागला आणि फलाटांची उंची वाढू लागली, ते. देणगीने एका मुलीला सावरले. उंच झालेल्या फलाटाने कितीजणांचे हात वाचवले असतील, त्यांची नावे कधीच कळणार नाहीत. पहिल्या कामाला आपण हजारोंनी धावलो. दुसऱ्यासाठी मूठभरच भांडत राहिले, आणि त्यांना आपण 'रिकामटेकडे' म्हटले.

हे अंधत्व आपल्यात आले कोठून? दान केले की पुण्य लागते, हे आपण लहानपणीच शिकतो. घेणाऱ्याचे त्यात काय होते, हे कोणी शिकवत नाही. जो पडला तो प्राक्तनाने पडला, जो देतो तो मनाचा मोठा, अशी ही शिकवण. दाता उंच आणि याचक खाली ठेवल्याशिवाय तिला पुण्य दिसतच नाही. आणि तरीही या मातीत दुसरी शिकवण नव्हती असे नाही. ज्यांचे बालपण ठाण्यात गेले ते सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या घेऊन उभे राहिले. रविवारच्या सुट्टीची त्यांची मागणी आपण लक्षात ठेवली, कारण ती सुट्टी आपण आजही उपभोगतो. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो जन्माचा पंगू झाला त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. गिरणीच्या दारात झोळी फिरवा, असे लोखंडे म्हणाले नाहीत. एकशेचाळीस वर्षे उलटली. आपण मात्र झोळी मोबाइलवर आणली, एवढीच आपली प्रगती.

कोणी म्हणेल, माणूस आज रात्री मरतो आहे, तेव्हा कायद्याच्या गोष्टी कशाला? आज रात्रीचे पैसे अवश्य द्या, आणि प्रश्न न विचारता द्या. पण त्याच रात्री त्याचा हक्कही हातातून निसटत असतो, तो कोण सांभाळणार? गाडीतून पडलेल्या प्रवाशाला, चूक कोणाची हे न पाहता, भरपाई देण्याची तरतूद रेल्वे कायद्यात १९९४ पासून आहे. मृत्यूसाठी आठ लाख, कायमच्या अपंगत्वासाठी दुखापतीप्रमाणे ठरलेली रक्कम. त्यासाठी दावा न्यायाधिकरणात दाखल करावा लागतो, तोही वर्षाच्या आत. रुग्णालयात रक्ताने माखलेला शर्ट कापून काढतात आणि घरचे तो टाकून देतात. खिशातला पास त्याच्याबरोबर जातो. पास नाही म्हणजे दावा नाही, अशी समजूत करून घेऊन किती घरे गप्प बसतात! केवळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितले आहे. रस्ते अपघातात पहिल्या सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे रोकडरहित उपचार मिळण्याची योजना मे २०२५ पासून लागू आहे. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र रुग्णालयातच बसलेला असतो. मंडप, ध्वनिक्षेपक, मिरवणूक यांच्या परवानग्या कोणत्या टेबलावर मिळतात, हे आपल्या मंडळातल्या पोराला पाठ आहे. पण यांतले एकही दार त्याने कधी ठोठावलेले नसते, कारण आपण त्याला तिकडे कधी पाठवलेच नाही.

आणि मुळात बिल इतके का होते? ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात अठरा रुग्ण दगावले. आठवडाभर आपण संतापलो. मग ज्याला जमले त्याने खासगी रुग्णालयाचा रस्ता धरला, आणि ज्याला जमत नाही त्याच्यासाठी वही काढली. ठाण्यापासून पार शहापूर-पालघरपर्यंतचे गरीब ज्या दारात येतात ते आपल्या करांवर चालणारे रुग्णालय सुधारावे, यासाठी महापालिकेला सतत जाब विचारणे आपल्याला वर्गणीपेक्षा महाग वाटले. आपण सोडून दिलेल्या रुग्णालयाची किंमत जखमीची बायको दारोदार फिरून चुकवते.

वही मिटल्यावरचे दिवस तर कोणीच पाहत नाही. पारसिकच्या उतारावरच्या वाघोबानगरात किंवा घोलाईनगरात एक पाय गमावलेला माणूस घरी येतो तेव्हा चढणीच्या पायऱ्यांवर चाकाची खुर्ची चढत नाही. तो दोघांच्या खांद्यावर वर जातो आणि महिनोन् महिने खाली येत नाही. नोकरी जाते, व्यायामोपचार थांबतात, थोरल्या मुलीची शाळा सुटते. वाटेत त्याची बायको दिसली की आपण नजर चुकवतो. पुन्हा मागेल, अशी भीती वाटते. पाचशे रुपयांत आपण तिचा आपल्याकडे पाहण्याचा अधिकारही विकत घेतलेला असतो.

हे बदलणे अवघड नाही. सतीची चाल गेली, केशवपन गेले. माणसांनी केलेली रीत माणसांनीच मोडली. प्रत्येक मंडळाने दोन कार्यकर्ते एवढ्याच कामासाठी नेमावेत: पंचनामा आणि स्टेशन मास्तरचा मेमो यांच्या प्रती मिळवणे, पास आणि कपडे जपून ठेवणे, आरोग्यमित्राला आणि धर्मादाय आयुक्तालयाला गाठणे, वर्ष संपण्याआत दावा दाखल करणे. मदतीचा निधी वर्षभर साठता ठेवावा आणि त्यातून देताना कोणाचा फोटो मागू नये. यंदा वर्गणीचे पावतीपुस्तक छापायला टाकण्याआधी आपल्या आळीत गेल्या वर्षभरात कोण पडले, कोणाचा हात गेला, कोणाचा दावा राहिला, याची यादी करा आणि त्या घरी आधी जा.