आधी खोली ऐका, मग स्पीकर घ्या!

‘अहो, मला ऐकू येईनासं झालंय बहुतेक...’ काकू हळूच म्हणाल्या, तेव्हा काका नव्या स्पीकरवरची धूळ पुसत होते.

हे काका-काकू बडोद्याचे. जुना बंगला, ३० फूट लांब, २० फूट रुंद आणि ११ फूट उंच दिवाणखाना. खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना ऑइल पेंट. निवृत्तीच्या पैशांतून काकांनी साडेतीन लाखांची विलायती जोडी घेतली. दुकानातल्या छोट्या खोलीत, जाड गालिचावर बसून ऐकली तेव्हा दोघंही हरखून गेली होती. घरी मात्र गाण्याचे शब्दच कळेनात! काका आवाज वाढवत गेले आणि काकू स्वयंपाकघरात जाऊन बसू लागल्या. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ‘वयाच्या मानाने कान उत्तम आहेत.’

मग बिघडलं कुठे? आम्ही दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. ती कितीतरी वेळ घुमत राहिली. दोष कानांचा नव्हताच, खोलीचा होता.

ही तक्रार जुनीच आहे. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या सभागृहात व्याख्यात्याचं बोलणं कुणाला समजेना. वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकावर दुरुस्तीचं काम आलं. त्याने जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उश्या रात्री आणून आत मांडल्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. रिकाम्या सभागृहात पाच सेकंदांहून अधिक! उश्या वाढत गेल्या तसा घुमारा कमी झाला. खोली जितकी मोठी आणि तिच्यात आवाज शोषणारं सामान जितकं कमी, तितका आवाज जास्त रेंगाळतो. मग एका शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडतं. अशा वेळी आवाज वाढवला की घुमाराही तेवढाच वाढतो.

काकांकडे जाड सतरंजी आली, खिडक्यांना चुण्यांचे भरघोस पडदे लागले आणि माळ्यावरची पुस्तकं भिंतीलगतच्या उघड्या कपाटात आली. शब्द निम्मे सुटे झाले.

उरलेली अडचण मात्र स्पीकरची होती. दुकानात काका आठ फुटांवर बसले होते, घरी सोळा फुटांवर. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे थोडा कमी उतरतो, पण उतरतो नक्की. ते सहा डेसिबल भरून काढायला चौपट वॉट लागतात. म्हणून मोठ्या खोलीसाठी वॉटच्या आधी स्पीकरची संवेदनशीलता विचारा, म्हणजे एका वॉटमध्ये एक मीटरवर तो किती डेसिबल आवाज देतो ते. काकांचा स्पीकर ८४ डेसिबलचा होता. ९० डेसिबलचा स्पीकर ६० वॉटमध्ये जेवढा वाजेल, तेवढं वाजायला याला २४० वॉट हवेत. शिवाय खर्जासाठी भरपूर हवा हलवावी लागते. पाच इंची वूफरला एवढा दिवाणखाना कसा झेपणार?

पहिली जोडी निम्म्या किमतीत विकावी लागली. दुसरी आली ती जमिनीवर उभी राहणारी, १० इंची वूफरची, ९० डेसिबलची. अ‍ॅम्प्लिफायर जुनाच, ६० वॉटचा.

आता खालचे सूर बद्द वाजू लागले! याचं मूळ मापांत होतं. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक सूर फुगतात. ३० फूट लांबीचा तिसरा आणि २० फूट रुंदीचा दुसरा असा सूर, दोन्ही ५६ हर्ट्‌झच्या आसपास एकत्र येतात. त्यात सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला, जिथे हा फुगवटा सर्वांत जास्त. सोफा पाच फूट पुढे ओढला, स्पीकर भिंतीपासून तीन फूट सुटे केले. खर्च शून्य, फरक मोठा!

तेव्हा मंडळी, खरेदीला निघण्यापूर्वी खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि बसण्याचं अंतर कागदावर लिहून घ्या. टाळी वाजवून बघा. पैशांतला काही भाग गालिचा-पडद्यांसाठी आधीच बाजूला काढा. दुकानात आपल्या रोजच्या ऐकण्यातली गाणी न्या, आणि दोन दिवस घरी लावून बघू देणार का, हे पैसे मोजण्याआधी विचारा. सर्वांत मुख्य म्हणजे, घरात जो सर्वांत जास्त ऐकतो त्याला सोबत न्या.

परवा पुन्हा बडोद्याला गेलो. ख्याल चालू होता. काली एकचा षड्‌ज म्हणजे १३९ हर्ट्‌झच्या आसपास आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर. ती तार सोफ्यापर्यंत स्वच्छ पोचत होती. काका काहीतरी सांगायला लागले, तर काकूंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

‘थांबा हो, बंदिशीचे शब्द ऐकू द्या!’