पाण्याची साक्ष

धूर पाहून अग्नि ओळखावा, हें अनुमानाचें उदाहरण न्यायशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतें. मासा दृष्टीस न पडतां केवळ पाण्यावरून तो ओळखण्याची जी विद्या आतां शास्त्रज्ञांनीं साध्य केली आहे, तिचा पाया हाच होय.

जलचर प्राण्याच्या त्वचेचे कण, श्लेष्मा व विष्ठा हीं पाण्यांत मिसळतात. त्यांत त्या जातीचें आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, असतें. पाणी सूक्ष्म गाळणींतून गाळून तें वेगळें काढितात, त्याच्या असंख्य प्रती करितात व ज्ञात जातींच्या नोंदींशीं ताडून पाहतात.

या रीतीची कसोटी ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य भागांतील समुद्रांत घेण्यांत आली. १८८ ते ९१८ मीटर खोलीवरचें पाणी तपासून, समुद्रतळावरून ओढलेल्या जाळ्यांतील माशांशीं त्याची तुलना केली. २०१६ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माशांचीं २६ कुळें दोहोंकडे आढळलीं; ३ केवळ पाण्यांत व २ केवळ जाळ्यांत. मुशीच्या वर्गांतला ग्रीनलंड शार्क जाळ्यांत एकच सांपडला होता. पाण्यांत मात्र त्याची खूण विपुल होती.

हा शार्क सुमारें दीडशें वर्षांनीं प्रजननक्षम होतो, असा अंदाज त्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. अशा प्राण्याची गणती करण्यासाठीं त्यालाच मारावें, याहून विपरीत तें काय? पाण्याचा नमुना कोणाचा प्राण घेत नाहीं.

परंतु वाफेस धूर समजणाऱ्याचें अनुमान फसतें, हेंही विसरूं नये. प्रवाहानें दुरून आलेला, मृत माशाचा किंवा उपकरणास चिकटलेला अंशही खोटी साक्ष देतो. थंड पाण्यांत तो अधिक काळ टिकतो; म्हणून ध्रुवप्रदेशांत ही सावधगिरी विशेष हवी. शिवाय माशाचें वय व आकार या रीतीनें कळत नाहींत. जाळें अजीबात सोडतां येणार नाहीं. पण तें कमी वेळां टाकतां येईल.

बर्फ वितळून आर्क्टिक महासागराचा मध्यभाग जहाजांस हळूहळू मोकळा होत आहे. तेथें अनिर्बंध व्यापारी मासेमारी होऊं नये, म्हणून ९ राष्ट्रें व युरोपीय संघ यांनीं २०१८ सालीं करार केला. तो २०२१ पासून प्रथम १६ वर्षांसाठीं अमलांत आला आहे. एरव्हीं मनुष्य आधीं लुटतो व मागाहून मोजतो. येथें आधीं मोजण्यास अवकाश मिळाला आहे. सुज्ञांनीं तो व्यर्थ दवडूं नये.