परदेशीं इंग्रजीची मास्तरकी

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या बी. ए., बी. एड. असून चार वर्षें एका शाळेंत इंग्रजी शिकवीत आहे. गेल्या महिन्यांत रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर तिनें आमच्यापुढें कांहीं कागद ठेवले व म्हणाली, "काका, थायलंडांत इंग्रजी शिकवावयास जाण्याचें जमत आहे. तुम्ही एकदां हे वाचून पाहा." आम्हीं वाचले. मध्यस्थानें दीड लाख रुपये मागितले होते, आणि 'आधीं पर्यटकाच्या व्हिसावर जा, पुढचें तेथें पाहूं' असा त्याचा सल्ला होता. बंधूंनीं दहा हजारांचा इसारहि देऊन टाकला होता.

घरांत दोन तट पडले. मुलीची आई म्हणे, परमुलखांत एकटी मुलगी नको. बंधू म्हणत, पैसे गेले तरी चालतील, संधि जाऊं नये. आमचें मत दोहोंहून निराळें होतें. मुलीनें अवश्य जावें; परंतु पुढच्या दारानें जावें. हा प्रसंग आज पुष्कळ घरांत येतो, म्हणून या महिन्याचें सदर त्यासच दिलें आहे.

परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकविण्याच्या कामास जगांत मागणी आहे. जपान सरकारची 'जेट' नांवाची योजना १९८७ सालीं सुरू झाली. तींत परदेशी पदवीधर तेथील शाळांत साहाय्यक म्हणून नेमले जातात. करार एक वर्षाचा असतो व तो पांच वर्षांपर्यंत वाढवितां येतो. दक्षिण कोरियाची 'एपिक' योजना १९९५ पासूनची आहे. मात्र कोरियांत भाषाशिक्षकाच्या व्हिसास सामान्यतः सातच देशांचे नागरिक पात्र धरतात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका. भारत व कोरिया यांचा आर्थिक करार १ जानेवारी २०१० पासून अमलांत आला, तेव्हां पदवी व इंग्रजी शिक्षकाची रीतसर पात्रता असलेल्या भारतीयांस त्यांत थोडी वाट मिळाली. म्हणजे आमच्या मुलींना बी. एड. चा कागद जपून ठेवला पाहिजे.

ज्याची मातृभाषा तोच उत्तम शिक्षक, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. आम्हीं पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. तें आमच्या घरीं कोणाचीच मातृभाषा नव्हती. जेथें आम्ही स्वतः अडखळलों होतों, तेथेंच विद्यार्थी अडखळणार हें आम्हांस आधीं कळे. इंग्रजींतील 'ए' आणि 'दि' हीं उपपदें पाहा. मराठींत त्यांच्यासारखें कांहीं नाहीं. थाई, जपानी व कोरियन भाषांतहि नाहीं. तीं कोठें लावावीं हें ज्या मुलीनें पदोपदीं चुकून शिकून घेतलें, तिला थाई मुलाची अडचण लंडनकरापेक्षां लवकर समजेल.

पण गुण असला तरी कायदा सुटत नाहीं. थायलंडांत शिक्षकास पदवी, नोकरीसाठींचा वेगळा व्हिसा आणि काम करण्याचा परवाना लागतो; शाळेंत शिकवावयाचें तर तेथील शिक्षक परिषदेची अनुज्ञाहि लागते. पर्यटक म्हणून जाऊन वर्गावर उभें राहणें हा तेथें गुन्हा आहे. त्याचें फळ दंड आणि हद्दपारी. मध्यस्थ इकडे सुखरूप राहतो. पकडली जाते ती मुलगी.

मध्यस्थाविषयींहि कायदा आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानें परदेशीं नोकरीस माणसें पाठविणाऱ्या दलालांस सरकारी नोंदणी सक्तीची केली, आणि त्याखालील नियमांनीं त्यांच्या शुल्कास ३०,००० रुपयांची मर्यादा घातली. कर तेवढा वेगळा. नोंदलेल्या दलालांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाहतां येते. आमच्या पुतणीनें त्या गृहस्थास नोंदणीचा क्रमांक विचारला. त्या दिवसापासून त्यानें फोन उचलला नाहीं. इसार बुडाला. बंधू दोन दिवस आमच्याशीं बोलले नाहींत; तिसऱ्या दिवशीं चहा घेऊन स्वतःच आले.

वाचलेल्या पैशांतून कांहीं भाग आतां 'सेल्टा' या अभ्यासक्रमाकडे जाईल. त्यांत निदान १२० तासांचें शिक्षण असून सहा तास प्रत्यक्ष विद्यार्थ्यांपुढें, परीक्षकाच्या नजरेखालीं शिकवावें लागतें. घरबसल्या स्वस्तांत मिळणारीं प्रमाणपत्रें पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील बहुतेकांत विद्यार्थी समोर नसतो, आणि विद्यार्थ्यावांचून मास्तरकी येत नाहीं.

वाचकहो, घरांतील मूल असे कागद घेऊन आलें, तर नाहीं म्हणण्यापूर्वीं आणि पैसे देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा: व्हिसा कोणता? करार लेखी आहे काय, आणि तो कोणत्या शाळेशीं? मध्यस्थाचा नोंदणी क्रमांक काय?

परवां पुतणीनें आपला नवा अर्ज आम्हांस वाचावयास दिला. एके ठिकाणीं 'दि' हवें असें आम्हीं सुचविलें. ती म्हणाली, "काका, येथें तें लागत नाहीं," आणि कां लागत नाहीं तें उदाहरणें देऊन समजाविलें. आम्हांस तें पटलें.