जेकब हिरा: एकाच खड्याची दोनदा मोजलेली किंमत

विज्ञानकथांच्या विश्वातला मौल्यवान स्फटिक स्वतःच्या तेजाने उजळत असतो. 'स्टार वॉर्स'मधला कायबर स्फटिक तसाच: शक्ती त्याच्या पोटातच असते, आणि तो ज्याच्या हाती त्याचे पारडे जड. हैदराबादच्या निजामांचा जेकब हिरा समाजमाध्यमांवर हुबेहूब असाच रंगवला जातो. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस, त्याच्या मेजावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला भलाथोरला हिरा, आणि खाली 'काय तो थाट!' असे उद्गार.

वस्तुतः हिऱ्याला स्वतःचा उजेड नसतो. बाहेरून आत शिरलेले किरण त्याच्या पैलूंवर आदळून परत फिरतात, इतकेच त्याचे तेज. अंधाऱ्या खोलीत १८४.७५ कॅरटचा, म्हणजे सुमारे ३७ ग्रॅमचा जेकब हिरा आणि लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळच्या काळ्या रानात नांगराच्या फाळाला लागणारी गारगोटी यांत डोळ्यांना काडीचा फरक जाणवणार नाही. म्हणून प्रश्न हिऱ्याचा नाही. त्याच्यावर पडलेला उजेड कोणाच्या घरचा होता, हा प्रश्न आहे.

आधी एक गैरसमज बाजूला सारणे भाग आहे. हा हिरा 'गोवळकोंड्याचा वारसा' म्हणून मिरवला जातो. तो गोवळकोंड्याचा नाही. कृष्णाकाठच्या खाणी तोवर जवळजवळ आटल्या होत्या. हा दगड १८८४ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत सापडला आणि त्याला पैलू पडले ॲमस्टरडॅममध्ये. ज्या दशकात तो निघाला, त्याच दशकात किंबर्लीच्या हिरे कंपन्यांनी आफ्रिकी खाणमजुरांना कुंपणबंद आवारांत कोंडून राबवायला सुरुवात केली होती. वारसा म्हणायचाच असेल, तर तो तिथला आहे. दख्खनच्या मातीने हा हिरा दिला नाही. दख्खनच्या मातीने त्याचे पैसे दिले.

व्यवहाराची हकिकत चटकदार आहे. सिमल्याचा जवाहिऱ्या अलेक्झांडर माल्कम जेकब याने (किपलिंगच्या 'किम'मधला लर्गन साहेब याच्यावरूनच बेतलेला) सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्याशी १८९१ मध्ये या हिऱ्याचा सौदा ठरवला. मध्यस्थ होता निजामाचा खासगी नोकर आल्बर्ट आबिद, ज्याच्या नावाचा आबिड्स हा भाग आजही हैदराबादेत गजबजलेला असतो. किंमत ठरली ४६ लाख रुपये. त्यांतले २३ लाख आगाऊ दिले गेले. प्रत्यक्ष दगड समोर आला, तेव्हा निजामाचे मन फिरले आणि त्याने पैसे परत मागितले. ब्रिटिश रेसिडेंटलाही हा सौदा पसंत नव्हता. प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात गेले. राज्यकर्त्या निजामाला आयोगापुढे जबानी द्यावी लागली, आणि अखेर ज्युरीने जेकबला निर्दोष सोडले. पुढे तडजोड होऊन हिरा निजामाकडे राहिला. त्याला तो अपशकुनी वाटू लागला, आणि पुढे तो जोड्याच्या टोकात कोंबलेला सापडला, असे सांगतात. वारस मीर उस्मान अली खान याने त्याचे पेपरवेट केले ते त्यानंतर.

या साऱ्या कथेत निजाम आहे, जवाहिरा आहे, नोकर आहे, रेसिडेंट आहे, जोडासुद्धा आहे. ज्याने २३ लाख भरले, तो मात्र कोठेच नाही.

हैदराबाद राज्याच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा आधार जमीन महसूल होता. राज्याचा मुलूख ढोबळमानाने तीन प्रकारांत वाटलेला होता. दिवाणी गावांचा सारा सरकारी खजिन्यात जाई. सर्फेखास गावांचे उत्पन्न थेट निजामाच्या खासगी खर्चाला लागे, आणि धाराशिवकडच्या काही सुपीक तालुक्यांचा त्यांत समावेश होता. उरलेली गावे जहागिरदार आणि पायगा उमरावांकडे होती. 'निजामाने स्वतःच्या पैशाने हिरा घेतला, राज्याच्या नव्हे' असा युक्तिवाद जे करतात, त्यांनी सर्फेखास म्हणजे काय हे एकदा समजून घ्यावे. ती कोणा व्यापाऱ्याने कष्टाने जमवलेली पुंजी नव्हती. तीही कोणाची तरी ज्वारी होती, पाटील-पटवाऱ्याच्या वहीत चढलेली आणि हप्त्याच्या तारखेला रोखीत बदललेली. खिसे दोन होते, कुणबी एकच.

शिरूर अनंतपाळ ज्या निलंगा तालुक्यातून १९९९ मध्ये वेगळे झाले, तो निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले आणि १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात आले. निजामी मराठवाड्याचे पाच जिल्हे मोजून जे इतिहास लिहिले जातात, त्यांतून हा पट्टा अनेकदा निसटतो, म्हणून ही नोंद.

हिऱ्याच्या खरेदीमागून आलेले दशक कसे होते? १८९१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १ कोटी १५ लाख ३७ हजार होती. १९०१ मध्ये ती १ कोटी ११ लाख ४१ हजार भरली. वाढ तर राहोच, जवळपास ४ लाख माणसे कमी. मधे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ होऊन गेले होते, आणि मराठवाड्याने त्यांची झळ भरपूर सोसली. हिऱ्यामुळे दुष्काळ पडला, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या मुलखात दोन पावसाळे चुकले की माणसे मरत, तिथल्या राजाने २३ लाख एका चकाकत्या खड्यासाठी आगाऊ मोजले. या वर्तनाला 'थाट' म्हणणारा इतिहासप्रेमी इतिहास वाचत नसून दागिन्यांची जाहिरात वाचत असतो.

उत्तरादाखल उस्मानिया विद्यापीठ, उस्मानसागर, रेल्वे यांची यादी पुढे केली जाते. त्या गोष्टी झाल्या, आणि त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मात्र १९१८ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९५८ उजाडावे लागले. शिवाय हिशेबाचा साधा नियम आहे: विद्यापीठ निजामाच्या नावे जमा करायचे असेल, तर पेपरवेटही त्याच्याच नावे खर्ची पडले पाहिजे.

खरी मेख पुढे आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले आणि १९४९ मध्ये सर्फेखास दिवाणीत मिसळले गेले. म्हणजे जमिनीचे उत्पन्न जनतेचे, हे मान्य झाले. त्याच उत्पन्नातून साठलेली रत्ने मात्र खासगी मानली गेली, आणि १९५१-५२ मध्ये निजामाने ती कौटुंबिक विश्वस्त निधींत घातली. पुढे ती विकायला निघाली. किमतीच्या वाटाघाटी आणि खटले वर्षानुवर्षे चालले. अखेर जानेवारी १९९५ मध्ये भारत सरकारने जेकब हिऱ्यासह १७३ नग २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. पैसे गेले निजामाच्या वारसांकडे.

म्हणजे पणजोबाने शेतसाऱ्यातून ज्याची किंमत भरली, त्याच हिऱ्याची किंमत पणतवाने देशाचा करदाता म्हणून पुन्हा भरली. आणि ती कधी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप औसा, निलंगा, उमरगा या तालुक्यांवरून गेल्याला दीड वर्षही झाले नव्हते. पुनर्वसनासाठी तेव्हा जागतिक बँकेचे कर्ज काढलेले होते.

खासगी आणि सार्वजनिक यांची ही सरमिसळ एकदाच झाली असे नाही. सप्टेंबर १९४८ मध्येच हैदराबादचे सुमारे १० लाख पौंड लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवले गेले. ते गोठले आणि व्याजाने साडेतीन कोटी पौंडांवर गेले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने पाकिस्तानचा दावा फेटाळला. निकाल भारत सरकार आणि निजामाचे वंशज यांच्या बाजूने लागला. तिथेही वारस म्हणून राजपुत्र उभे होते. ज्या प्रजेच्या महसुलावर ते राज्य उभे होते, तिची बाजू त्या खटल्यात कोणीच मांडत नव्हते.

हिरा आता रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतो. २००१ पासून तो मोजक्या वेळा प्रदर्शनात मांडला गेला, २०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातही. ही रत्ने कायमची हैदराबादला आणावीत, अशी मागणी तेलंगणातून होत असते. मराठवाड्यातून कोणी काही मागत नाही. निदान पुढच्या प्रदर्शनात हिऱ्याखालच्या पाटीवर कॅरट, कारागीर आणि मालकांच्या नावांशेजारी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद आणि बीदर ही सहा नावे लिहावीत. पाटीवर तेवढी जागा असते.